भयानकाचा गृहप्रवेश

भयापासून मनुष्य दूर पळतो हें जितकें खरें, तितकेंच तो पदरचे पैसे खर्चून भय विकत घेतो हेंहि खरें आहे. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं भयानकाला रसांच्या पंक्तींत बसविलें, तें या विरोधाची पुरती जाणीव ठेवूनच. रंगभूमीवरील राक्षस आपणांस खाणार नाहीं अशी खात्री असल्यामुळेंच त्याच्या भयाचा आस्वाद घेतां येतो, हें त्यांचें उत्तर सुशिक्षित वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत जो एक प्रकार घडला त्याचा उलगडा एवढ्या उत्तरानें होत नाहीं. काळोख्या चित्रपटगृहांत शेंकडों लोकांना एकदम घाबरविण्यासाठीं तयार केलेले बोलपट पंचवीस वर्षांनीं दूरचित्रवाणीच्या लहानशा कांचेवर, घरच्या बैठकींत, जाहिरातींनीं तुकडे तुकडे करून दाखविण्यांत आले. त्यांतील भय बहुतांशीं उडून गेलें होतें. तरीहि लोकांनीं, विशेषतः मुलांनीं, त्यांच्यावर जन्मभर पुरेल अशी प्रीति केली. भय गेलें आणि गोडी वाढली, हें कसें? या प्रश्नाचा मागोवा घेणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ कृतींकडे वळूं. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ सालीं, आणि ब्रॅम स्टोकर या आयरिश ग्रंथकाराची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. या दोहोंचे बोलपट कॅलिफोर्नियांतील युनिव्हर्सल कंपनीनें १९३१ या एकाच वर्षीं काढले. ‘ड्रॅक्युला’मध्यें बेला लुगोसी हा हंगेरियन नट रक्तपिपासु सरदार झाला, ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्यें बोरिस कार्लॉफ या तोंवर फारसें नांव नसलेल्या नटानें, प्रेतांचे अवयव शिवून बनविलेल्या आणि विजेच्या योगें सजीव झालेल्या जीवाची भूमिका केली. अमेरिकेंत तेव्हां आर्थिक मंदीचा कहर चालला होता. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते, आणि बेकारांच्या रांगा शहरोशहरीं लागत होत्या. अशा काळीं लोक भय पाहावयास कां गेले, याचें एक कारण असें संभवतें कीं, ज्या संकटाला चेहरा नाहीं त्यापेक्षां ज्याला चेहरा आहे तें संकट सोसावयास सोपें असतें.

‘फ्रँकेन्स्टाइन’चा आरंभ मोठा मौजेचा आहे. कथा सुरू होण्यापूर्वीं एक गृहस्थ पडद्यापुढें येतो आणि पुढील प्रकार भयंकर आहे, ज्यांचें काळीज नाजूक असेल त्यांनीं वेळींच विचार करावा, अशा अर्थाची सूचना देतो. आपल्या नाटकांतील सूत्रधाराचाच हा भाऊबंद म्हणावयाचा. आरंभींच्या नामावलींत राक्षसाच्या भूमिकेपुढें नटाचें नांवहि नव्हतें. तेथें केवळ एक प्रश्नचिन्ह होतें.

याच बोलपटांतील एक दृश्य आपणांस शेवटीं पुन्हां लागणार आहे, म्हणून तें येथेंच सांगून ठेवतों. छळांतून सुटून पळालेला तो जीव एका तळ्याकांठीं येतो. तेथें एक लहान मुलगी एकटीच खेळत असते. ती त्याला भीत नाहीं. ती त्याच्या हातीं फुलें देते आणि पाण्यावर फुलें कशीं तरंगतात तें दाखविते. तोहि फुलें टाकतो आणि आनंदानें हंसतो. हातांतील फुलें संपतात. फुलासारखी ही मुलगीहि तरंगेल अशा समजुतीनें तो तिला उचलून पाण्यांत टाकतो, आणि ती बुडते. अमेरिकन चित्रपटव्यवसायाचे नीतिनियम १९३४ पासून कडकपणें अंमलांत आले. त्यानंतर हा बोलपट पुन्हां प्रदर्शित झाला तेव्हां तें दृश्य मध्येंच तोडलेलें होतें. राक्षसाचे हात मुलीकडे वळतात, येथेंच तें थांबे. आणि पुढें मुलीचें प्रेत हातांवर घेऊन गांवांतून चालणारा तिचा बाप दिसे. मधल्या रिकाम्या जागेंत काय घडलें असेल याविषयीं प्रेक्षकानें केलेली कल्पना मूळ प्रसंगाहून कितीतरी ओंगळ होई. पाप झांकावयास निघालेल्या कात्रीनें एका अजाण जीवाच्या माथीं नवें पाप मारलें.

आतां हे बोलपट घरोघरीं कसे शिरले तें पाहूं. त्याचें श्रेय कोणाच्या रसिकतेस देण्याचें कारण नाहीं. तें हिशेबाच्या वह्यांस द्यावें लागतें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत दूरचित्रवाणीचा प्रसार झपाट्यानें झाला. चित्रपट काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं तिला वैरीण मानलें आणि आपला माल तिला देण्याचें कित्येक वर्षें नाकारलें. परंतु गांवोगांवच्या प्रक्षेपण-केंद्रांना रात्रीचे तास भरून काढण्यासाठीं कांहींतरी हवेंच होतें. १९५५ सालीं आर. के. ओ. या कंपनीचा चित्रसंग्रह विकला गेला, आणि बांध फुटला. १९३३ सालचा ‘किंग काँग’ हा प्रचंड वानराचा चित्रपट १९५६ सालीं न्यू यॉर्कच्या घराघरांत दिसला. नव्या चित्रपटांच्या बाबतींत मात्र अडचण होती. ऑगस्ट १९४८ नंतरचे चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविल्यास नटांना व इतर कलावंतांना मोबदला किती द्यावयाचा, हा तंटा मिटलेला नव्हता. नटांच्या बाबतींत तो १९६० सालच्या संपानंतर मिटला. त्यामुळें विकावयास मोकळा होता तो जुनाच माल. १९५७ सालच्या शरदृतूंत स्क्रीन जेम्स या कंपनीनें युनिव्हर्सलचे ५२ जुने भयपट व रहस्यपट एकत्र करून ‘शॉक’ या नांवानें केंद्रांना भाड्यानें दिले. बेला लुगोसी त्याच्या एकच वर्ष आधीं, ऑगस्ट १९५६ मध्यें, हलाखींत वारला होता, आणि ड्रॅक्युलाच्या झग्यांतच त्याला पुरण्यांत आलें होतें. त्याचा चेहरा घरोघरीं पोहोंचला तो तो थडग्यांत गेल्यावर! त्याच्या कथेंतील सरदाराला हें भाग्य शोभलें असतें. त्या बिचाऱ्या नटाच्या मात्र तें कांहीं कामीं आलें नाहीं.

जुना माल खपावा म्हणून केंद्रांनीं एक युक्ति काढली, आणि माझ्या मतें या सर्व इतिहासाची किल्ली त्या युक्तींत आहे. बोलपटाच्या आधीं, मध्यें आणि नंतर कोणीतरी विचित्र वेषांत येऊन प्रेक्षकांशीं गप्पा मारावयाच्या, अशी ती योजना होती. लॉस एंजेलिसमध्यें मायला नुर्मी या नटीनें १९५४ मध्येंच ‘व्हॅम्पिरा’ हें सोंग घेऊन हा पायंडा पाडला होता. काळा झगा, लांब नखें आणि पांढराफटक चेहरा अशा थाटांत ती धुक्यांतून चालत येई. १९५७ मध्यें फिलाडेल्फियांत जॉन झॅकर्ली हा नट तळघरांत राहणाऱ्या एका सभ्य पिशाच्चाच्या वेषांत दिसूं लागला, आणि पुढल्याच वर्षीं त्यानें न्यू यॉर्क काबीज केलें. तो बोलपटाची थट्टा करी. ऐन भयंकर प्रसंगाच्या मधोमध स्वतःचें चित्र घुसवी. नायिकेनें किंकाळी फोडली कीं हा डोकावून कांहीं तिरकस बोले. अशीं सोंगें मग गांवोगांवीं निघालीं.

ही पद्धति आपणांस अगदींच परकी वाटूं नये. वेताळपंचविशींत काय आहे? भयाण स्मशान, झाडाला लोंबणारें प्रेत, आणि तें खांद्यावर घेऊन चालणारा राजा. पण त्या प्रेतांतला वेताळ राजाला खात नाहीं. तो त्याला गोष्ट सांगतो, शेवटीं एक अवघड प्रश्न घालतो, आणि उत्तर मिळतांच हंसून पुन्हां झाडावर जाऊन लटकतो. ज्याच्याविषयीं भय तोच कथेकरी, अशी ही व्यवस्था आहे. कथा सांगणारें भूत मारणारें राहत नाहीं. म्हणूनच १९८५ सालीं दूरदर्शनवर विक्रम-वेताळाच्या कथा आल्या तेव्हां आपल्याकडील मुलें त्या वेताळाला भ्यालीं त्याहून अधिक त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलीं. फिलाडेल्फियाच्या झॅकर्लीनें वेताळाचें नांव ऐकलें असेल असें मानण्यास आधार नाहीं. पण लहान मुलांना रात्रीं भीतीची गोष्ट सांगणाऱ्या माणसानें स्वतः मधून मधून हंसावें लागतें, हें शहाणपण कोणत्याहि देशांतील आजीला उपजतच असतें.

परंतु केवळ थट्टेनें प्रीति जडत नाहीं. स्थळ बदललें याचा परिणामहि विचारांत घेतला पाहिजे. चित्रपटगृहांत पडद्यावरील मुख माणसाच्या मुखाहून कितीतरी पटींनीं मोठें. पाहणारा खालीं, काळोखांत, अनोळखी लोकांच्या गर्दींत बसलेला. घरांत हा संबंध अगदीं उलटा झाला. राक्षस वीतभर उंचीचा, पेटींत कोंडलेला. शेजारीं दिव्याचा उजेड, आंत भांड्यांचा आवाज, मध्येंच साबणाची जाहिरात. आणि फारच भीति वाटली तर एक बटण फिरविलें कीं सर्व बंद. राक्षस मुलाहून लहान झाला. आणि जो आपल्याहून लहान दिसतो त्याच्याकडे मूल टक लावून पाहूं शकतें. टक लावून पाहिल्यावर त्याला जें दिसलें तें मूळच्या प्रेक्षकांपैकीं पुष्कळांच्या दृष्टीस, भीतीनें डोळे मिटल्यामुळें, पडलें नसावें: जॅक पिअर्स या रंगभूषाकारानें घडविलेल्या त्या चपट्या माथ्याखालीं दोन अत्यंत केविलवाणे डोळे आहेत. त्या जीवाला त्या बोलपटांत एकहि शब्द बोलतां येत नाहीं. त्याला नांव नाहीं; फ्रँकेन्स्टाइन हें नांव त्याला जन्म देऊन टाकून देणाऱ्याचें आहे. छपरांतून उजेड आला कीं तो हात वर करून उजेड पकडूं पाहतो. मोठ्यांच्या जगांत नुकतें आलेलें, त्या जगाचे नियम न समजणारें, आणि न समजल्याबद्दल मार खाणारें कोणी असेल तर तें मूलच. त्यानें आपला सोबती बरोबर ओळखला. मुलांना या राक्षसाचें भय वाटण्याऐवजीं दया येते, हें त्यांच्या पत्रांवरून आपणांस कळलें, असें कार्लॉफ स्वतःहि सांगत असे.

भरतमुनींनीं शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक अशी रसांची वंशावळ सांगितली आहे. या वंशावळींत भयानकाला पुढें संतति नाहीं, तो शेवटचा. दूरचित्रवाणीच्या या अनुभवावरून तींत एक शाखा जोडावी असें वाटतें. भयानकाचा दंश काढून घेतला तर तो एका बाजूनें हास्याकडे जातो आणि दुसऱ्या बाजूनें करुणाकडे. आणि आश्चर्य हें कीं, हास्याची वाट मोकळी झाली म्हणूनच करुणाची वाट सांपडली.

कार्लॉफच्या बाबतींत आपल्या महाराष्ट्राशीं जुळणारा एक धागा येथें नमूद करण्याजोगा आहे. त्याचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, १८८७ सालचा. त्याचे वडील हिंदुस्थानांत मिठाच्या महसूलखात्यांत अधिकारी होते. त्याच्या आईची आई ही अ‍ॅना लिओनोवेन्स हिची सख्खी बहीण. सयामच्या राजवाड्यांत शिक्षिका म्हणून जगप्रसिद्ध झालेली ही अ‍ॅना आपला जन्म वेल्समधील असल्याचें सांगे. संशोधकांनीं मागाहून दाखवून दिलें कीं ती १८३१ सालीं अहमदनगर येथें, आजच्या अहिल्यानगरांत, जन्मली होती. या घराण्यांत हिंदी रक्ताचा अंश होता असें चरित्रकार मानतात, आणि वर्णाभिमानाच्या त्या युगांत ही गोष्ट झांकून ठेवण्याकडे त्याचा कल होता. कार्लॉफनें आपलें घराणें कोठें मिरविलें नाहीं. यावरून त्याच्या अभिनयाची उपपत्ति लावूं जाणें धाडसाचें होईल. तथापि, पाहणारे आपल्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहतील याची चिंता वाहणाऱ्या कुळांत जन्मलेल्या माणसानें, पाहतांक्षणींच ज्याला लोक दगड मारतात अशा जीवाची भूमिका इतकी जिवंत करावी, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

भयपटांच्या मागोमाग १९५० नंतरचे विज्ञानकथांचे चित्रपटहि घरांत आले. त्यांचें भय निराळें होतें. तें स्मशानांतून येत नव्हतें, प्रयोगशाळेंतून आणि आकाशांतून येत होतें. १९५१ सालच्या ‘द डे दि अर्थ स्टूड स्टिल’मध्यें अणुशस्त्रांविषयीं सावध करावयास परग्रहावरून आलेला पाहुणा वॉशिंग्टन शहरांत उतरतो आणि पृथ्वी त्याचें स्वागत बंदुकीच्या गोळीनें करते. १९५६ सालच्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्यें गांवांतील माणसें एकामागून एक, तोंडावळा तोच ठेवून, आंतून परकीं होत जातात. परका मनुष्य शत्रूच असतो काय, आणि आपला वाटणारा मनुष्य आपलाच असतो काय, असे हे दोन प्रश्न. वेताळानें राजाला घालावेत असे. ते आजहि जुने झाले नाहींत, हेंच या चित्रपटांच्या दीर्घायुष्याचें कारण होय.

मात्र घरांत आलें कीं सर्व कांहीं उजळतें, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. या गृहप्रवेशाची किंमतहि मोजावी लागली, आणि तिचें सर्वांत दुःखद उदाहरण जपानी आहे. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांत बिकिनी येथें हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले, आणि त्यांपैकीं एक सप्टेंबरांत मरण पावला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इशिरो होंडा या दिग्दर्शकाचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. समुद्रांत जागा झालेला अजस्र प्राणी टोकियो जाळतो अशी ती कथा. पण तिचा आरंभ एका नौकेवर पडणाऱ्या झगझगीत प्रकाशानें होतो, आणि आगगाडींतील एक तरुणी नागासाकीच्या संहारांतून आपण वांचल्याचें सहज बोलून जाते. हिरोशिमा व नागासाकी जळून तेव्हां जेमतेम नऊ वर्षें झालीं होतीं. १९५६ सालीं अमेरिकेंत हा चित्रपट आला तो कापून, आणि एका अमेरिकन वार्ताहराचे प्रसंग त्यांत नव्यानें घुसवून. नागासाकीचा उल्लेख गेला. अमेरिकन दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षें दिसला तो हाच ‘गॉड्झिला’. मुलांनीं त्याच्यावरहि प्रेम केलें. पण एका राष्ट्राचा आक्रोश त्यांना खेळण्यांतल्या घरांची मोडतोड म्हणून मिळाला. मूळ चित्रपट अमेरिकन चित्रपटगृहांत सर्वत्र दाखविला गेला तो २००४ सालीं. करुणेलाहि स्मृतीचा आधार लागतो. तो काढून घेतला तर मागें उरते ती निव्वळ गंमत.

हें मान्य करूनहि जमेची बाजू मोठी ठरते. त्या रात्रीं डोळे चोळीत जागणाऱ्या मुलांसाठीं १९५८ सालीं ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हें नियतकालिक निघालें, आणि तें वाचून वाढलेल्या पिढींतून पुढें कित्येक लेखक, दिग्दर्शक व रंगभूषाकार निपजले. मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरीं १९६४ सालीं जन्मलेल्या गिएर्मो देल तोरो यानें लहानपणीं दूरचित्रवाणीवर १९५४ सालचा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ पाहिला. त्यांतील जलचर जीव पोहणाऱ्या तरुणीच्या मागें मागें जातो आणि शेवटीं गोळ्या खाऊन मरतो. त्या दोघांचें मीलन व्हावें असें त्या मुलाला वाटलें, आणि तें झालें नाहीं याची रुखरुख त्यानें पुढें चाळीसांहून अधिक वर्षें जपली. २०१७ सालच्या ‘द शेप ऑफ वॉटर’मध्यें त्यानें तें मीलन घडवून आणलें, आणि अमेरिकेच्या चित्रपट-अकादमीनें वर्षाचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याचा गौरव केला. २०२५ सालीं त्याचा ‘फ्रँकेन्स्टाइन’हि आला.

आज हे सर्व जुने बोलपट मागाल त्या क्षणीं, मागाल त्या यंत्रावर उपलब्ध होतात. स्वच्छ, अखंड आणि जाहिरातींवांचून. अभ्यासकाला याहून दुसरें काय हवें? परंतु शनिवारच्या रात्रींची वाट पाहणें गेलें. एकाच गांवांतील सहस्रावधि मुलें एकाच घटकेला एकाच सावलीकडे पाहत आहेत ही भावना गेली. आणि भय फार झालें तर हंसविणारा तो वेताळहि गेला. निवड करणाऱ्याला हवें तेंच मिळतें. त्या मुलांना मात्र जें मिळेल तें पाहावें लागे, आणि म्हणूनच ज्याला कोणी मुद्दाम निवडलें नसतें अशा कुरूपाशीं त्यांची गांठ पडली. हा तोटा कसा भरून काढावयाचा तें सांगणें माझ्या आवांक्याबाहेरचें आहे.

तळ्याकांठच्या त्या दृश्याकडे वळून हा लेख पुरा करतों. दूरचित्रवाणीवर पिढ्यान् पिढ्या दिसलें तें तोडलेलेंच दृश्य. राक्षसाचे हात मुलीकडे वळत, आणि मग बापाच्या हातांवर प्रेत. त्याला अपराधी ठरविण्यास एवढा पुरावा कोणत्याहि न्यायसभेला पुरला असता. तरीहि लहान मुलांनीं त्याला अपराधी मानलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत कापलेला तुकडा पुन्हां जागच्या जागीं जोडण्यांत आला. तोंपर्यंत तीं मुलें प्रौढ झालीं होतीं. आतां त्यांना सर्व दिसलें: तो मुलीला पाण्यांत टाकतो, ती वर येत नाहीं, आणि तो घाबरून, हात हालवीत, धडपडत झाडींत पळतो. त्या वीतभर कांचेपुढें बसून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं त्यांनीं पुराव्यावांचून जी क्षमा केली होती, ती योग्य होती.